ग्रेस केलीचं २ युरोचं नाणं: पाडली फक्त २०,००१, भाव दोन-अडीच लाख रुपये. घ्यावं का?

ओंकार_कार्ल्सरूह

मंडळी, गेली नऊ वर्षं जर्मनीत आहे आणि जवळपास तेवढीच वर्षं २ युरोची स्मारक नाणी जमवतोय. सुरुवात एका बेकरीत झाली. सकाळी कामावर जाताना ब्रेड घेतला, सुट्टे परत आले आणि त्यातल्या एका नाण्यावर नेहमीचा गरुड दिसला नाही. थाळी फेकायला वाकलेला एक माणूस होता. खांद्याजवळ घासून गुळगुळीत झालेला, बाजूला ऑलिंपिकची वर्तुळं, आणि पिवळा गाभा नि पांढरं कडं जिथे जुळतात त्या फटीत काळी घाण बसलेली. घरी जाऊन शोधलं तर ते ग्रीसचं २००४ चं अथेन्स ऑलिंपिकचं नाणं निघालं. २ युरोच्या स्मारक नाण्यांमधलं हे सगळ्यात पहिलं. साडेतीन कोटी पाडलेलं, त्यामुळे वापरलेल्या नाण्याची किंमत जवळपास दोन युरोच. पण त्या दिवसापासून सुट्टे न बघता खिशात टाकणं बंद झालं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. युरोच्या नाण्याची एक बाजू सगळ्या देशांत सारखी, दुसरी ज्या त्या देशाची. २००४ पासून २ युरोच्या नाण्यावर देशांना आपली बाजू बदलून एखाद्या घटनेची, व्यक्तीची आठवण काढायची मुभा मिळाली. आधी वर्षाला एक, २०१२ पासून वर्षाला दोन. शिवाय सगळ्या देशांनी मिळून काढलेली वेगळी: २००७ मध्ये रोमच्या कराराची पन्नाशी, मग २००९, २०१२, २०१५ आणि २०२२. ही नाणी कुठल्याही युरोवाल्या देशात चालतात. फिनलंडचं नाणं देऊन पोर्तुगालमध्ये कॉफी पिता येते. मला या छंदाचं सगळ्यात मोठं अप्रूप तेच आहे, की नाणी पायी फिरत आपल्यापर्यंत येतात.

जर्मनीने २००६ पासून राज्यांची मालिका काढली: ल्यूबेकचा दरवाजा, हॅम्बुर्गचं सेंट मिखाएलिस चर्च, कोलोनचं कॅथेड्रल, नॉयश्वानस्टाइनचा किल्ला. प्रत्येक नाणं कोट्यवधींनी पाडलेलं. वर इथे पाच टाकसाळी, प्रत्येकीचं अक्षर वेगळं: बर्लिन ए, म्युनिक डी, स्टुटगार्ट एफ, कार्ल्सरूह जी, हॅम्बुर्ग जे. मी जीच्या गावात राहतो, तरी जी शोधायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला! ही पाचही अक्षरं मी फक्त सुट्ट्यांतून पूर्ण केली, एक पैसा जास्त न देता.

आता अडचण. माझ्या अल्बममध्ये पानं छापील आहेत, प्रत्येक नाण्यासाठी नाव घातलेला खण. २००७ च्या पानावर मोनॅकोचा, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या चिमुकल्या देशाचा, खण रिकामा आहे. राजकन्या ग्रेस, म्हणजे हॉलिवूडची नटी ग्रेस केली, हिच्या मृत्यूला पंचवीस वर्षं झाली म्हणून मोनॅकोने ते काढलं. संख्या २०,००१. खुद्द मोनॅकोच्या लोकसंख्येपेक्षा कमी. मूळ डबीसह चांगल्या अवस्थेतलं नाणं दोन-अडीच हजार युरोंच्या खाली क्वचितच मिळतं. आठ वर्षं त्या खणाकडे बघतोय. या वर्षी बोनस मिळालाय. बायको म्हणते, "तुझं तू ठरव, पण घेतलंस तर परत परत हळहळू नकोस." म्हणून इथे विचारतोय. जाणकारांनी मनापासून सांगावं.

मी_वेंगुर्लेकर

लेख आवडला. एक भाबडा प्रश्न. २ युरोच्या नाण्याला अडीच लाख खरोखर कोणी देतं का? मध्यंतरी एक बातमी फिरत होती की तुमच्या खिशातलं नाणं लाखमोलाचं असू शकतं, आणि खाली चित्रात साधंच २ युरोचं नाणं होतं.

सराफकट्टा

वेंगुर्लेकर, ग्रेसला देतात, त्या बातमीतल्या नाण्याला देत नाहीत. फरक समजून घ्या. ऑनलाइन कोणीही कुठल्याही नाण्यावर ऐंशी हजारांची चिठ्ठी लावू शकतो. तो मागितलेला भाव. विकला गेलेला भाव वेगळा, आणि तो लिलावांच्या निकालांत दिसतो. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या ५ रुपयांच्या नोटेला लाखो रुपये मिळतात म्हणून व्हॉट्सअॅपवर जे फिरतं ते ह्याच जातीचं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी बँकेचं नाव वापरून लोक शुल्क उकळताहेत, बँक असल्या व्यवहारात नाही. तरी माझ्याकडे महिन्याला एखादे आजोबा रुमालात बांधून काहीतरी घेऊन येतात. त्यांना नाही म्हणताना जीव तुटतो.

ओंकार, तुम्हाला उद्या सविस्तर लिहितो. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मृण्मयी_ल्युव्हेन

मस्त धागा! आमच्या बेल्जियमचा किस्सा सांगायलाच हवा. २०१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईला दोनशे वर्षं झाली. बेल्जियमने २ युरोचं स्मारक नाणं ठरवलं, एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास नाणी पाडूनही ठेवली. फ्रान्सने हरकत घेतली, की नेपोलियनच्या पराभवाचं नाणं आमच्या लोकांच्या खिशात नको. स्मारक नाण्याचं चित्र बाकीच्या देशांपुढे ठेवावं लागतं, त्यामुळे बेल्जियमला माघार घ्यावी लागली आणि पाडलेली नाणी नष्ट करावी लागली.

पण नियमात एक वाट होती. नेहमीच्या मूल्यांपैकी नसलेलं नाणं काढायचं असेल तर देशाला इतरांची संमती लागत नाही, फक्त ते नाणं त्याच देशापुरतं चालतं. म्हणून त्यांनी अडीच युरोचं नाणं काढलं! सत्तर हजार पाडली, सहा युरोला विकली. माझ्याकडे एक आहे. रणांगणावरची सिंहाची टेकडी आणि सैन्य कुठे उभं होतं त्याच्या रेषा. इथल्या वाण्याला दाखवलं तर त्याने काउंटरवर वाजवून बघितलं आणि हसून परत दिलं. ग्रेसच्या तुलनेत हे नाणं कवडीमोल, पण मी विकणार नाही.

सराफकट्टा

आता ओंकार, तुमच्यासाठी.

मी पुण्यात चाळीस वर्षं शिवकालीन आणि पेशवेकालीन नाणी बघतोय. शिवराई घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. महाराजांच्या राज्याभिषेकापासून सुरू झालेलं तांब्याचं नाणं नंतरही कितीतरी टाकसाळींत पाडलं गेलं, अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत लोकांच्या हातात होतं. त्यामुळे साधी शिवराई आजही कॉलेजच्या पोराला खिशातून घेता येते. तीनशे वर्षं जुनं, महाराजांच्या नावाचं, तरीही. उलट महाराजांचा सोन्याचा होन. तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच माहीत आहे, कारण सोनं वितळतं. कोणी तरी मोडला, कोणी दागिना केला, कोणी पुरला. होन दुर्मिळ व्हावा असं कुणी ठरवलं नव्हतं, काळाने तो दुर्मिळ केला.

ग्रेसच्या नाण्याचं उलटं आहे. त्यातलं एकही हरवलं असेल असं मला वाटत नाही. पहिल्या दिवसापासून डबीत, कॅप्सूलमध्ये. २०,००१ पाडली आणि आजही जवळपास तेवढीच शिल्लक आहेत. एरवी एखाद्या नाण्याच्या वीस हजार प्रती जगात आहेत म्हटलं तर आम्ही त्याला दुर्मिळ म्हणतच नाही. माझ्या कपाटात अशी नाणी आहेत ज्यांच्या पन्नास प्रतीही कोणी नोंदवलेल्या नाहीत, आणि किंमत पाच हजार रुपये, कारण विकत घेणारे जगात तीसच.

तेव्हा तुम्ही जे अडीच हजार युरो देणार ते संख्येचे नाहीत. युरोपभर लाखो लोकांकडे तुमच्यासारखाच छापील अल्बम आहे आणि त्या सगळ्यांच्या २००७ च्या पानावर तोच खण रिकामा आहे. तो खण भरायची जी ओढ आहे ना, तिचा भाव आहे हा. ओढ खोटी नाही, मी स्वतः तिच्यामागे आयुष्य घालवलंय. पण पैसे कशाचे देतोय हे माहीत असावं.

अनघा_मिलान

काका, तुमचं म्हणणं पटलं, तरी मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण मी ग्रेस घेतलंय.

आधी इकडचं सांगते. इटलीच्या पोटात दोन छोटे देश, व्हॅटिकन आणि सान मरिनो, दोघांचीही नाणी रोमच्या टाकसाळीत पाडतात. व्हॅटिकनचं २००४ चं पहिलं स्मारक नाणं, व्हॅटिकन राज्याच्या स्थापनेला पंचाहत्तर वर्षं झाल्याचं, एक लाख. २००५ चं कोलोनमधल्या जागतिक युवा दिनाचं, तेही एक लाख. सान मरिनोचं २००४ चं इतिहासकार बोर्गेझीचं, एक लाख दहा हजार. तिन्हींना आज शंभर युरोच्या वरच मोजावे लागतात. आणि गंमत बघा, व्हॅटिकनच्या त्या दोन नाण्यांची संख्या एकच, तरी २००५ चं बरंच महाग! तेव्हा काका, संख्येने भाव ठरत नाही हे तुमचं म्हणणं इथेही दिसतं.

मोनॅकोतच बघा. २०१५ मध्ये त्यांच्या खडकावरच्या किल्ल्याला आठशे वर्षं झाली म्हणून नाणं काढलं, फक्त १०,०००. ग्रेसच्या निम्मं. पण ते ग्रेसपेक्षा स्वस्त आहे, हजार-दीड हजार युरोंच्या आसपास. किल्ल्यावर कोणाचा जीव जडलेला नाही. ग्रेस फिलाडेल्फियाची मुलगी, हॉलिवूडची नटी, १९५६ मध्ये लग्न करून मोनॅकोत आली आणि १९८२ मध्ये मोटार अपघातात गेली. जिने आयुष्यात कधी नाणं जमवलं नाही अशा बाईलाही ते आपल्या दागिन्यांच्या कपाटात हवं असतं. माझ्या सासूबाई त्यातल्या एक. त्यांनी तरुणपणी ग्रेसचे सिनेमे बघितले होते. मी ते नाणं त्यांच्या पंचाहत्तरीला घेतलं, २०१४ मध्ये, आजच्या भावाच्या निम्म्याहून कमीत. त्यांनी डबी उघडली, चष्मा शोधला, आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. आता त्या नाहीत. नाणं माझ्याकडे आहे. आज कोणी पाच हजार दिले तरी देणार नाही.

ओंकार, तुझ्याकडे असं काही कारण असेल तर घे. नुसता खण भरायला असेल तर थांब.

मी_वेंगुर्लेकर

अनघाताई, वाचून डोळ्यात पाणी आलं.

पंचगंगाकाठी

घेणार असाल तर माझा अनुभव वाचा आधी. तीन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून हेच नाणं घेतलं. बाजारभावाच्या जवळपास निम्म्यात मिळतंय म्हणून भुललो. फोटो झकास, डबी निळी, सोबत प्रमाणपत्र. पार्सल आलं त्या दिवशी घरात पेढे वाटले.

आठवड्याने ओळखीच्या सराफाकडे गेलो होतो, सहज म्हणून त्याच्या काट्यावर ठेवलं. ७.९ ग्रॅम. २ युरोचं नाणं साडेआठ ग्रॅमचं असतं. सराफाने पुन्हा ठेवलं, पुन्हा ७.९. मग त्याने दुकानातलं लोहचुंबक जवळ नेलं आणि नाणं कडेसकट टपकन चिकटलं, सोडवायला नख लावावं लागलं. तिथेच कळलं. घरी येऊन भिंगाखाली बघितलं तर अक्षरांच्या कडा वितळलेल्या मेणासारख्या गोल, आणि काठावर, म्हणजे नाण्याच्या जाडीवर, जिथे मजकूर हवा तिथे नुसत्या रेघा. विक्रेत्याचं खातं तोवर बंद. पैसे गेले ते गेले. त्यापेक्षा वाईट वाटलं ते आईला सांगताना, तिने ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

टाकसाळीचा_नातू

पंचगंगाकाठी, फार वाईट झालं. तुमच्या अनुभवाला तांत्रिक बाजू जोडतो, पुढच्यांच्या उपयोगी पडेल.

अस्सल २ युरोचा बाहेरचा कडा तांबं-निकेलचा. मधला पिवळा भाग तीन थरांचा: वरखाली निकेल-पितळ, मध्ये शुद्ध निकेल. त्या निकेलमुळे फक्त मधला भाग चुंबकाला ओढला जातो, तोही हलकासा. चुंबकाने उचललं तर जरा हलवताच सुटून पडतं. बाहेरचा कडा अजिबात ओढला जात नाही. घट्ट चिकटलं तर खोटं, मुळीच ओढलं गेलं नाही तरी खोटं. व्यास २५.७५ मिमी, तो कॅलिपरने मोजा.

काठ सगळ्यात महत्त्वाचा, कारण खोटी नाणी पाडणारे तिथे कंटाळा करतात. मोनॅकोची नाणी पॅरिसच्या टाकसाळीच्या पेसाकमधल्या कारखान्यात पाडतात, म्हणून काठ फ्रान्ससारखा: २ चा आकडा आणि दोन तारे, हे सहा वेळा, एक सरळ एक उलटं. इटली, सान मरिनो, व्हॅटिकनला २ आणि एकच तारा, सहा वेळा. जर्मनीला 'ऐक्य, न्याय आणि स्वातंत्र्य' अशा अर्थाचं वाक्य. कॅप्सूल उघडून काठ दाखवायला विक्रेता नाही म्हणाला तर तिथेच नमस्कार करून निघा.

आणि हात जोडून सांगतो, नाणं कधीही घासू नका. चिंच नाही, टूथपेस्ट नाही, काही नाही. एकदा घासलेलं नाणं भिंगाखाली लगेच ओळखू येतं आणि किंमत गेली ती परत येत नाही. मऊ प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, काही वर्षांत हिरवट चिकटा धरतो. २६ मिमीची कडक कॅप्सूल, पन्नास-साठ रुपयांचं काम.

स्वप्नजा

वाचनखूण साठवली. पुतण्याला हा छंद लावायचाय, तो सहावीत आहे. कुठून सुरुवात करावी?

ओंकार_कार्ल्सरूह

स्वप्नजाताई, जर्मन राज्यांच्या मालिकेतून करा. इकडे कोणी ओळखीचं असेल तर सुट्ट्यांत सहज मिळतात. मी स्वतः नवीन नाणं निघालं की केंद्रीय बँकेच्या शाखेत जातो, तिथे रोल दर्शनी किमतीतच मिळतो. पंचवीस नाण्यांचा रोल, पन्नास युरो. कागद फाडला की आतून पंचवीस कोरी नाणी एकदम ओघळतात तो आवाज मुलांना फार आवडतो. डिसेंबरात पुण्यात येतोय, पुतण्यासाठी सोळा राज्यांची एक एक आणेन. पत्ता खासगी निरोपात कळवा.

सराफकाका, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. बायकोलाही मोठ्याने वाचून दाखवला. अनघाताईंचाही. दोन रात्री विचार केला.

माझ्याकडे ताईंसारखं कारण नाही. मी ग्रेस केलीचा एकही सिनेमा बघितलेला नाही. मला ते नाणं हवं होतं कारण अल्बम बनवणाऱ्याने तिथे खण छापला होता. बाकीची पानं मी ज्या नाण्यांनी भरली ती बेकरीतून, ट्रामच्या तिकीट यंत्रातून, भाजीबाजारातून आली. त्यातल्या बहुतेक नाण्यांचा दिवस मला आठवतो. स्लोव्हेनियाचं एक तर मुलीच्या शाळेच्या जत्रेत वाफलच्या सुट्ट्यांत आलं. ग्रेस आलं असतं तर त्याला सांगायला एवढंच असतं की बोनस मिळाला होता.

म्हणून ठरवलं: माझ्या अल्बममध्ये सुट्ट्यांतून आलेलंच नाणं जाणार. छापील पानं काढून कोरी लावतोय, खणांवर नावं नाहीत. मोनॅकोचं मात्र एक तरी हवंच आहे, ती हौस जात नाही. २०१३ चं आहे ना, मोनॅको १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात गेलं त्याला वीस वर्षं झाल्याचं. ते बारा लाखांच्या वर पाडलंय, म्हणजे हातात पडायची खरी शक्यता असलेलं. मे महिन्यात चार दिवस नीसला जाणार आहोत. सगळं रोखीने घेणार, कार्ड खोलीवर ठेवणार.

सराफकट्टा

शाब्बास. डिसेंबरात पुण्यात याल तेव्हा माझ्याकडे चहाला या. तुमच्यासाठी एक शिवराई बाजूला काढून ठेवतो. विकत नाही, भेट.

अनघा_मिलान

नीसमध्ये बंदराजवळच्या टपऱ्यांवर रोखीने घे, तिथे मोनॅकोत काम करणारी माणसं रोज सुट्टे टाकतात. मला तिथेच अल्बर्टचा साधा चेहरा असलेलं एक युरोचं मिळालं होतं.

रिव्हिएराची_राधा

धागा उशिरा बघितला. मी नीसलाच राहते, नवरा रोज आगगाडीने मोनॅकोला कामाला जातो. तुमचं वाचून काल रात्री आमची सुट्ट्यांची बरणी जमिनीवर उपडी केली. मुलगा आणि मी दीड तास बसलो होतो. फ्रान्सची ढीगभर, इटलीची दांतेची दोन, आणि तळाशी ते २०१३ चं मोनॅको, काठावर एक खोक पडलेलं.

ते तुम्हाला नुसतं देणार नाही, नाहीतर तुमचा नियम मोडेल. मे महिन्यात घरी जेवायला या. जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून माझ्यासाठी दूध आणा, त्याचे सुट्टे मी देईन.